वेदीजवळ वन्समोर नको

मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारात चहाचे कप फिरतात आणि पहिला विषय निघतो तो गाण्याचा. 'आज कॉयर मस्त झालं', 'त्या पोरीनं काय आवाज लावला', 'की-बोर्डवाला तयारीचा आहे' अशी दाद सांगलीत, मिरजेत, साताऱ्यात, कुठेही कानावर पडते. ती मनापासूनची असते, तरी मला तिची काळजी वाटते. कारण दाद देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मघाच्या तासाभरात स्वतः तोंड उघडलेलं नसतं. त्यांनी गाणं ऐकलं, पसंत केलं आणि घरची वाट धरली. प्रार्थना मात्र दुसऱ्याच कुणीतरी माइकवरून त्यांच्या वतीने उरकून टाकली.

मी साताऱ्यात वाढले, लग्न होऊन सांगलीला आले, शाळेत संगीत शिकवलं आणि निवृत्तीनंतर मराठी मिस्साच्या गायकवृंदात पेटी वाजवते. आमच्या या दोन जिल्ह्यांत कॅथोलिक मंडळी थोडी. त्यातही मूळची नगरकडची मराठी कुटुंबं, रेल्वेच्या नाहीतर बँकेच्या नोकरीमुळे इथे स्थिरावलेले गोवेकर आणि मंगळुरी, मिरजेच्या दवाखान्यांतल्या केरळी नर्स, कॉलेजची मुलं अशी सरमिसळ. इतक्या ठिकाणच्या माणसांना एका बाकावर बसवून एका सुरात आणण्याची ताकद गाण्यातच आहे. म्हणून ते गाणं कसं असावं, यावर आडपडदा न ठेवता बोलायला हवं. माझं म्हणणं सरळ आहे. चर्चमधलं गाणं प्रार्थनेच्या सेवेला उभं असतं. ते स्वतःकडे लक्ष ओढून घेऊ लागलं की त्याची जागा चुकली.

ज्यांनी मिस्सा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रविवारी कॅथोलिक चर्चमध्ये होणारी मुख्य उपासना म्हणजे मिस्सा. आधी बायबलमधली वाचनं आणि प्रवचन, मग वेदीवर भाकर आणि द्राक्षारस यांचं अर्पण, आणि शेवटी कम्युनियन, म्हणजे त्या अर्पणाचं ग्रहण. त्या अर्पणात येशू स्वतः हजर असतो, अशी आमची श्रद्धा आहे. ही श्रद्धा खरी मानली तर चर्चमध्ये प्रेक्षक नावाचा कुणी उरतच नाही. दयेची याचना, देवाचं गौरवगान, स्तोत्राचा प्रतिसाद, आल्लेलुया हे सगळं जमलेल्या लोकांनी म्हणायचं असतं. ती त्यांची वाक्यं आहेत.

प्रत्यक्षात काय घडतं? आमच्या भागातल्या एका चर्चमधलं लग्न सांगते. नवरी दाराशी आली आणि स्पीकरवर एका हिंदी सिनेमाच्या गाण्याचा ट्रॅक सुरू झाला, वर शब्द येशूचे. दुसऱ्या ओळीपर्यंत बाकांवर कुजबुज सुरू झाली: हे कुठल्या पिक्चरचं गं? पुढे फादर वेदीवरची मुख्य प्रार्थना म्हणू लागले, तेव्हाही की-बोर्डचे सूर खालून वाहतच राहिले. फादर क्षणभर थांबले; की-बोर्ड थांबला नाही. कम्युनियन झाल्यावर एका मुलीने एकटीने गाणं म्हटलं, सुरेल म्हटलं, आणि चर्चमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. मुलांनी नोकऱ्या, परीक्षा सांभाळून तालमी केल्या होत्या. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, ही खरी अडचण.

सांगण्यासारखं तर पुष्कळ आहे. एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या चर्चमध्ये ऑपेराच्या थाटाचं गाणं शिरलं होतं. एकेकट्या गायकाने लांबवलेली पदं, थिएटरात गाजलेली वळणं, आणि धर्मगुरू वेदीवर ताटकळत. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी संगीतकारांची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाचा दिवस, २२ नोव्हेंबर, निवडून आदेश काढला. उपासनेचं संगीत पवित्र असावं, कला म्हणून अस्सल असावं, आणि ते आपापल्या देशाच्या वळणाचं असलं तरी परक्या श्रद्धावंतालाही त्यात खटकण्यासारखं काही वाटू नये, अशा तीन कसोट्या त्यांनी घालून दिल्या. पियानो आणि गोंगाट करणारी वाद्यं त्यांनी चर्चबाहेर ठेवली. त्याच आदेशाने स्त्रियांनाही गायकवृंदाबाहेर ठेवलं होतं. ती बंदी पुढे उठली आणि ते योग्यच झालं. नाहीतर मी पेटीवर बसलेच नसते. तपशिलाचे नियम काळानुसार बदलतात, बदलायलाच हवेत. त्या तीन कसोट्या मात्र शंभर वर्षांनंतरही कामाच्या आहेत. तिथल्या ऑपेराच्या जागी आपल्याकडचा सिनेमा ठेवून पाहा, दुखणं एकच आहे.

पुढे दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. लॅटिनमध्ये चालणाऱ्या मिस्साला लोकभाषेची दारं उघडली ती तिने. ४ डिसेंबर १९६३ च्या तिच्या उपासनाविषयक दस्तऐवजात संगीतावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात ग्रेगोरियन या चर्चच्या जुन्या लॅटिन गायनाला अग्रमान आहे, पाइप ऑर्गनचा गौरव आहे, आणि ज्या देशांना स्वतःची संगीत परंपरा आहे तिथे तिचा योग्य तो मान राखावा, असंही स्पष्ट म्हटलं आहे. इतर वाद्यं चालतील. अट इतकीच की ती पवित्र कामाला साजतील आणि लोकांची भक्ती वाढवतील. व्हॅटिकनच्या १९६७ च्या निर्देशांनी याहून पुढचं सांगितलं. सगळी मंडळी एकमुखाने गाते, त्याहून मोठा सोहळा नाही. गायकवृंदाने लोकांचा वाटा हिरावून घेऊ नये. मिस्साच्या नियमपुस्तकात तर साफ लिहिलं आहे की धर्मगुरू आपल्या अधिकाराच्या प्रार्थना म्हणत असताना दुसरं गाणं नको, वाद्यही नको. रेकॉर्ड आणि टेप लावून उपासना करायला व्हॅटिकनने १९५८ मध्येच मनाई केली होती. आज टेपची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे, एवढाच फरक.

सांगलीकरांना यातला मुद्दा फोड करून सांगावा लागू नये. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' हे नाटक उभं केलं ते याच गावात. 'संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल इथल्याच हरिपूरचे. नाट्यपदाला वन्समोर मिळणं हा नटाचा मान, आणि तो देणं हा तिकीट काढून बसलेल्या रसिकाचा हक्क. मला नाट्यसंगीत जिवापाड आवडतं आणि म्हणूनच हा फरक मी आग्रहाने मांडते. रंगमंचावरचा गायक श्रोत्यांकडे तोंड करून गातो, त्यांना रिझवणं हा त्याचा धर्म आहे. वेदीजवळ गाणारा आणि बाकावर बसलेला, दोघांचीही तोंडं देवाकडे. तिथे वाजलेली टाळी एका माणसाला गायक करते आणि बाकीच्या सगळ्यांना श्रोते. मग पुढच्या रविवारी ते श्रोतेच राहतात.

संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी आपल्या आत्मनिवेदनात ही ओढाताण प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे. मिलानच्या चर्चमधली स्तोत्रं ऐकून त्यांचे डोळे भरून आले होते. गाण्याने दुबळ्या मनालाही भक्तीचा आधार मिळतो हे त्यांनी मान्य केलं. पण जे गायलं जातं त्यापेक्षा गाणंच जास्त हलवून गेलं, तर तो आपला दोष आहे, असंही त्यांनी म्हटलं. गाणाऱ्या प्रत्येकाने ही कसोटी स्वतःला लावावी. माझा आलाप लांबला तेव्हा शब्द पुढे गेले की मी पुढे गेले?

या विषयावर आमच्याकडे दोन गट पडतात. एकाचं म्हणणं, टाळ, तबला, अभंगाची चाल हे हिंदू वळणाचं, चर्चमध्ये कशाला? दुसऱ्याचं म्हणणं, इंग्रजी वळणाची गाणी परकी, आता सगळं देशी पाहिजे. आणि देशीच्या नावाखाली येतं ते सिनेमाचं. मला दोन्ही पटत नाहीत. आपण जिला देशी पेटी म्हणतो ती हार्मोनियम मूळची पॅरिसची, १८४२ मध्ये पेटंट घेतलेली. तिला परकी ठरवून आकाशवाणीने कित्येक वर्षं बाहेर ठेवलं होतं. ऑर्गन तर आपल्या संगीत नाटकाने इतका आपलासा केला की नाट्यपदामागे तो वाजला नाही तर चुकल्यासारखं वाटतं. वाद्याचा जन्म कुठे झाला याने काही ठरत नाही. ते कशासाठी आणि कसं वाजवलं जातं, याने ठरतं.

आणि मराठी वळण चर्चला नवं कुठे आहे? फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विताने गोव्यात राहून लिहिलेलं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. येशूची कथा त्यांनी मराठी ओवीत बांधली, कारण ऐकणाऱ्यांच्या ओठांवर ओवीच होती. आमचं सातारा तर याहून जवळचं उदाहरण देतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक आयुष्याच्या शेवटी साताऱ्यात राहिले आणि १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला तो याच गावी. ख्रिस्ताची भक्ती भजनाने, कीर्तनाने, आपल्या मातीच्या रीतीने व्हावी, हा त्यांचा ध्यास होता. १९१९ मध्ये ते गेले. ते प्रॉटेस्टंट, आम्ही कॅथोलिक. पण त्यांची पदं आमच्याही चर्चमध्ये गायली जातात आणि गाताना कुणाच्या मनात हा भेद येत नाही. टिळकांच्या रचनेत कवी दिसतो, पण तो देवाच्या आड उभा राहात नाही.

इथे मला हमखास विचारलं जातं: टिळकांनी अभंगाची चाल घेतली तर चालते, आम्ही सिनेमाची घेतली तर का नको? फरक आहे. ओवी, अभंग, साकी, दिंडी या चाली कुणा एका गाण्याच्या मालकीच्या नाहीत. त्या भाषेबरोबर वाढल्या, हजार तोंडांतून फिरल्या. त्यांत नवे शब्द घातले की ऐकणाऱ्याचं लक्ष त्या शब्दांकडे जातं. सिनेमाच्या चालीला नट, नटी, पडद्यावरचा प्रसंग चिकटून आलेला असतो. शब्द कितीही पवित्र बसवले तरी ऐकणाऱ्याच्या मनात तो प्रसंग उभा राहतोच. जाणती वारकरी मंडळीही फिल्मी चालीतल्या अभंगांवर नाराज असतात, ती याचसाठी.

वारकऱ्यांकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण करत पुढे जाते. दिवसभर टाळमृदंगाचा गजर चालू असतो. संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतात आणि एवढा मोठा समुदाय गप्प होतो. ती शांतता मी लोणंदला अनुभवली आहे. इतका वेळ चाललेल्या नामघोषाला तिने वजन येतं. फडाच्या भजनालाही क्रम असतो. रूपाच्या अभंगाची जागा ठरलेली, शेवट ठरलेला. कुणी टाळकरी मध्येच पुढे येऊन स्वतःचं गाणं सादर करत नाही.

आमच्या मिस्सामध्येही शांतता हा उपासनेचाच एक भाग आहे, असं नियमपुस्तक सांगतं. पश्चात्तापाच्या वेळी, वाचनानंतर, प्रवचनानंतर, कम्युनियननंतर. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, म्हणजे आज्ञा गुरुवारी, होणाऱ्या गौरवगानानंतर ईस्टरच्या जागरणापर्यंत चर्चची घंटा वाजत नाही आणि ऑर्गन वाजला तर फक्त गाण्याला आधार म्हणून. ईस्टरआधीच्या उपवासकाळातही वाद्याला, एखाददुसरा सण सोडला तर, तेवढीच परवानगी. दुःखाच्या दिवसांत वाद्यानेही उपवास करावा, ही किती सुंदर शिस्त आहे. ती मोडून गुड फ्रायडेलासुद्धा ड्रम पॅड वाजतात, तेव्हा आपण नियमापेक्षा मोठं काहीतरी गमावतो. ईस्टरच्या रात्री सगळी वाद्यं पुन्हा घुमू लागतात, त्या आनंदाची चवच निघून जाते.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना जरूर पाहावं. या गावच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण देशभरचे गवई त्याच्या कितीतरी आधीपासून इथे येतात. कारागीर घोडी हलकेच घासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा धागा केसभर मागे घेतो. मघापर्यंत बोथट वाजणारी तार एकाएकी खुलते आणि खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येऊ लागतो. तंबोरा ऐकायला म्हणून कुणी मैफलीला जात नाही. तरी तो नसेल तर मोठ्या गवयाचाही सूर हलतो. उपासनेतल्या वाद्याने आणि गायकवृंदाने असं मागे बसावं.

याच मिरजेच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ साहेब विसावले आहेत. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना त्यांच्या छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळकोविल नावाच्या छोट्या स्टेशनावर ते उतरले, तंबोरा लावायला सांगितला, दरबारीत प्रार्थना गायली आणि प्राण सोडला, असं त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगतात. एवढा मोठा कलावंत, पण ते शेवटचं गाणं मैफलीसाठी नव्हतं. आम्हा चर्चच्या गायकांना यापेक्षा मोठा धडा कोण देणार?

आम्ही मागच्या उपवासकाळात की-बोर्ड बंद ठेवला आणि नुसत्या तंबोऱ्यावर गायलो. पहिल्या रविवारी लोक बावरले. गायकवृंदाचे आवाजही एकटे पडल्यासारखे वाटले. पुढच्या रविवारी मागच्या बाकावरून एका आजींचा आवाज आला, किंचित बेसूर पण खणखणीत. त्यांच्या शेजारच्याने सूर मिळवला. उपवासकाळाच्या शेवटी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारपर्यंत स्तोत्राचा प्रतिसाद सगळं चर्च म्हणत होतं आणि माइक बंद असल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. त्या आजी आमच्यात कित्येक वर्षं आहेत. स्पीकरने त्यांचा आवाज झाकला होता.

तरुण मुलं अशाने चर्चपासून दूर जातील, अशी भीती अनेक फादर आणि पालक बोलून दाखवतात. मुलांच्या ओढीने हे बोललं जातं, म्हणून मी ती भीती हलकी समजत नाही. पण माझा शाळेतला अनुभव वेगळा आहे. ज्या मुलाला यमन नीट शिकवला, त्याला ट्रॅकची गरज पडत नाही. जी मुलगी चार आवाजांतलं गाणं स्वरलिपीवरून शिकली, ती टाळीसाठी गात नाही. शेजारचा सूर आपल्या सुरात मिसळतो याचंच तिला अप्रूप असतं. याच जिल्ह्यांत गावोगावच्या हरिनाम सप्ताहात पोरं तासन्‌तास पखवाज शिकतात. मुलांना कष्टाचं वावडं नाही. आपणच त्यांना शिकवायचा कंटाळा करतो आणि मग तयार ट्रॅक हातात देतो. गिटारला, की-बोर्डला माझा विरोध नाही. गिटार हळू वाजते, आवाजाला धरून वाजते, तेव्हा तीही प्रार्थना करते.

म्हणून आमच्या धर्मग्रामांच्या समित्यांपुढे काही गोष्टी ठेवते. वेदीवरची प्रार्थना चालू असताना एकही वाद्य वाजू नये. रेकॉर्ड केलेला ट्रॅक आणि सिनेमाची चाल मिस्सामध्ये नको, लग्नातही नको. हे नवऱ्या मुलामुलीला लग्नाची तारीख ठरतानाच प्रेमाने सांगावं, म्हणजे आदल्या दिवशी वाद होत नाहीत. गाण्याला टाळ्या नकोत. मुलांचं कौतुक बाहेर चहा घेताना तोंडभरून करावं. मराठी गाण्यांपैकी थोडी निवडून ती वर्षभर पुन्हापुन्हा म्हणावीत, म्हणजे ती लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना पाठ होतील. दर रविवारी नवं गाणं आणलं तर ते गायकवृंदापुरतंच उरतं. आणि कम्युनियननंतर दोन मिनिटं कुणीही काहीही म्हणू नये.

शेवटचं मागणं पैशाचं आहे. चर्चला स्पीकर, मिक्सर, नवा की-बोर्ड यांसाठी देणगीदार सहज मिळतात, कारण वस्तूवर नाव घालता येतं. मुलांना गाणं शिकवणाऱ्याच्या मानधनासाठी मात्र कुणी पुढे येत नाही. गोव्यात एकेकाळी चर्चच्या शाळेतला मेस्त मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवायचा, त्यातून वादकांच्या पिढ्या घडल्या. सातारा-सांगलीत तर शिकवणाऱ्यांची वाण नाही. प्रत्येक पेठेत एखादा विशारद सापडेल. त्यांच्यातल्या एकाला आठवड्यातून दोन संध्याकाळी बोलवा, धर्म विचारू नका, मानधन वेळेवर द्या. पुढच्या नाताळपर्यंत तुमच्या चर्चमधले लोक स्वतः गाऊ लागतील, आणि नव्या स्पीकरचा खर्चही वाचेल.